तुडतुड्याची सोंड

भादव्यात आमच्याकडे दिव्याखाली जेवायला बसणं म्हणजे शिक्षाच होती. धान कमरेला आलेलं असे, बांध्यांत पाणी उभं असे, आणि अंधार पडला की हिरवे तुडतुडे हजारांनी घरात शिरत. वरणात पडत, कानात जात, सदऱ्यात शिरत. मग माय कंदील ओसरीच्या टोकाला टांगी, खाली पाण्याची परात ठेवी, आणि आम्ही आत अंधारात अंदाजाने घास घेत असू. सकाळी परातीवर हिरवी साय आलेली असे. ती कोंबड्यांपुढे टाकली की विषय संपला. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या गावात जे लहानाचे मोठे झाले त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या तुडतुड्यांना आम्ही कधी शत्रू मानलं नाही. शत्रू म्हणजे खोडकिडा, शत्रू म्हणजे गाद, शत्रू म्हणजे लष्करी अळी. ती एका रात्रीत बांधी खाऊन टाके आणि सकाळी दिसेही. तुडतुडा काय करतो? तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारका जीव. हात नेला की पानाच्या पलीकडे तिरका सरकतो, फारच झालं तर टुणकन उडतो. पान कुरतडत नाही, खोड पोखरत नाही. मागे काही ठेवत नाही, असंच सगळ्यांना वाटे.

आणि धान पिवळं पडलं की दोष मातीचा. आमचे मोठेबाबा म्हणत, "पाय बाबू, धान पिवरा पडला म्हन्जे समजायचं, माती थकली." मग शेणखताची गाडी, पुढे युरियाचं पोतं. कोणी पाण्याला नाव ठेवी, कोणी नजरेला. पण सगळ्यांची बोटं खाली मातीकडे किंवा वर आभाळाकडे जात. पानावर बसलेल्या किड्याकडे कोणाचंच बोट जात नसे. यात आमच्या लोकांचा अडाणीपणा होता असं मी म्हणणार नाही. साऱ्या भात खाणाऱ्या मुलखात, मोठमोठ्या साहेबांच्या प्रयोगशाळांतही, पाऊणशे-शंभर वर्षं हेच चाललं होतं. तीच हकीकत सांगायची आहे.

सुरुवात जपानात होते. तिथे बिवा नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या भोवतीचा शिगा प्रांत. तिथल्या भाताला एक रोग येई. रोप खुजं राही, फुटवे भाराभर फुटत पण उंची नाही, पानांवर पांढरे बारके ठिपके, आणि लोंब निघालीच तर नावाला. हाशिमोतो हात्सुझो नावाचा तिथला एक भात पिकवणारा शेतकरी. १८८३ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं, की ज्या वर्षी तुडतुडे फार त्या वर्षी ही खुजी रोपं फार. पुढे त्याने आपल्या परीने प्रयोगही करून पाहिले. शिकलेला संशोधक नव्हे, दरबारी माणूस नव्हे, बांधावर उभं राहून बघणारा माणूस. त्याचं नाव पुष्कळ वर्षं कोणाला ठाऊकही नव्हतं. छापून सांगितलं ते १८९५ मध्ये ताकाता नावाच्या दुसऱ्या एकाने.

या सालांकडे जरा बघा. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादला पाहिला तो १८९७ साली. ते आपण शाळेत शिकलो, त्याला नोबेल मिळालं तेही शिकलो. त्याच्या चौदा वर्षं आधी एका भातवाल्याने किडा नि पिकाचा रोग यांची गाठ मारून ठेवली होती, हे मात्र कोणत्या पुस्तकात होतं? विषाणू हा शब्द तर तेव्हा आजच्या अर्थाने जन्मालाही यायचा होता.

अर्थात हाशिमोतोला दिसलं ते अर्धंच होतं. तुडतुडा चावतो, त्याच्या लाळेत काही विष असेल, त्याने रोप खुजं होतं, असा पहिला समज. मग अडचण अशी आली, की काही भागांतले तुडतुडे आणून निरोगी रोपांवर सोडले तर रोपं खुजी होईनात. किडा तोच, जात तीच, सोंड तीच. १९१० च्या आसपास उलगडा झाला. ते निरुपद्रवी तुडतुडे आजारी रोपावर काही दिवस ठेवले आणि मग चांगल्या रोपावर सोडले, की चांगलं रोपही आजारी पडे. म्हणजे विष किड्याचं नव्हतंच. किडा नुसता सांगकाम्या, एका घरचं दुसऱ्या घरी नेऊन पोचवणारा. १९३३ मध्ये फुकुशी नावाच्या संशोधकाने त्याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. या खुज्या रोगाचा विषाणू तुडतुड्याच्या मादीकडून तिच्या अंड्यांत जातो. पिल्लू अंड्यातून निघतं तेच रोग घेऊन, रोगी पान कधी चाखलेलं नसताना. फुकुशीने एका मादीच्या वंशात तो पिढ्यानपिढ्या चाललेला दाखवला. पिकाचा विषाणू किड्याच्या अंगातही वाढतो, हे मानायला शास्त्रज्ञांनाही जड गेलं.

ती सोंड मी भिंगाखाली पाहिली आहे. शेतकी खात्यात लागल्यावर आम्हा काही जणांना कटकच्या भात संशोधन संस्थेत तीन आठवडे पाठवलं होतं. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळानंतर, १९४६ मध्ये ही संस्था उभी राहिली. तिथे मलमलीच्या पिंजऱ्यांत कुंड्या ठेवलेल्या, कुंड्यांत भाताची रोपं आणि रोपांवर तुडतुडे पाळलेले. मला हसू आलं. आमच्या घरी ज्यांना कोंबड्यांपुढे टाकत, त्यांना इथे पगारी माणूस जपत होता. एक काचेची नळी तोंडात धरायची, श्वास आत ओढायचा, की तुडतुडा नळीत. मधे जाळीचा तुकडा असतो, नाहीतर तो थेट पोटातच जायचा. भिंगाखाली दिसतं ते असं: तोंडाशी केसाहून बारीक सुया, एकत्र आवळलेल्या. त्या पानाच्या शिरेत जातात. आत रस वाहता असतो तिथे पोचतात. कुरतडणं नाही, भोक नाही, डाग नाही. डॉक्टरने सुई टोचावी नि जागा सापडू नये तसं. रस वर येतो नि थोडी लाळ खाली जाते. सगळा घोटाळा त्या थोड्या लाळेत.

भाताच्या रोगांत आपल्या देशाला सर्वांत रडवलं ते टुंग्रोने. हा शब्द फिलिपिन्समधल्या इलोकानो बोलीतला, अर्थ खुरटलेली वाढ. पण रोग एका देशाचा नव्हता. जावा बेटावर त्याच्यासारख्या रोगाला 'मेंतेक' म्हणत, त्याची नोंद १८५९ पासूनची. मलायात 'पेन्याकित मेरा', म्हणजे लाल रोग. थायलंडात पिवळ्या-नारिंगी पानाचा रोग. प्रत्येक मुलखातल्या शेतकऱ्याने आपापलं नाव ठेवलेलं, आणि प्रत्येक मुलखातल्या साहेबाने आपापलं कारण शोधलेलं. जावात मुळांवरच्या सूत्रकृमींवर आळ घेतला. मलायात म्हणाले जमिनीत दोष आहे, पाणी साचून मुळं गुदमरतात. माती तपासली, निचरा केला, खतं बदलली. आमच्या मोठेबाबांपेक्षा वेगळं काय केलं? फक्त इंग्रजीत केलं.

मनिलाजवळ लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० साली स्थापन झाली. तिथल्या रिव्हेरा आणि ऊ या दोघांनी १९६५ मध्ये सिद्ध केलं, की टुंग्रो हिरव्या तुडतुड्यामुळे पसरतो. मग एकेक करून जुन्या नावांची गाठोडी सोडली. मलायाचा लाल रोग म्हणजे हाच. थायलंडचा पिवळा म्हणजे हाच. मेंतेकचाही बराचसा भाग हाच. बियाण्यातून तो येत नाही, मातीतून येत नाही, पाण्यातून येत नाही. तुडतुडा रोगी पानावर अर्धा तास बसला तरी पुरे. पुढच्या रोपाला द्यायला तर काही मिनिटंच लागतात. आठ-पंधरा दिवसांनी पानाचं टोक पिवळं-नारिंगी व्हायला लागतं, तोवर तुडतुडा कुठल्या कुठे. खून झाला तेव्हा खुनी गावात नाही, मग संशय घरातल्यांवरच जाणार.

टुंग्रोचा विषाणू जपानच्या खुज्या रोगासारखा अंड्यात जात नाही. तुडतुड्याच्या तोंडाशी चार-पाच दिवस राहतो, आणि किड्याने कात टाकली की तोही गेला. ऐकायला बरं वाटतं. पण पुढे कळलं, की हा एक विषाणू नाहीच, दोन आहेत. एक गोल, एक कांडीसारखा. रोपाला पिवळं नि ठेंगणं करतो तो मुख्यतः कांडीवाला, पण त्याला एकट्याला तुडतुड्याच्या सोंडेवर बसताच येत नाही. गोल असतो त्याला प्रवास जमतो, पण तो एकटा रोपाचं फारसं वाकडं करत नाही. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो ती आपली गोष्ट. दोघं मिळून जत्रेला निघाले.

आता आपल्याकडे या. १९६४-६५ च्या सुमारास तैवानहून तायचुंग नेटिव्ह-१ हे बुटकं भात देशात आलं. पाठोपाठ फिलिपिन्सचं आय.आर. ८. मग १९६८ मध्ये आपलं 'जया', ज्याच्या आईबापांत एक तायचुंगच. आमच्या गावात जया आलं तेव्हा लोक लुचईचं भात विसरायला तयार नव्हते, पण खंडीचा हिशेब पाहिल्यावर विसरले. बुटकं धान लोळत नव्हतं, खत पचवत होतं, आणि वेळेत निघत होतं. ज्या घरात आषाढात कण्या शिजत, तिथे पुरतं धान दिसू लागलं. त्या बियाण्याला शिव्या देणारे लेख मी वाचतो तेव्हा मला त्या कण्या आठवतात.

पण तायचुंग हे तुडतुड्याचं आवडतं ताट. कटकच्या त्या मलमलीच्या पिंजऱ्यांत कुंड्यांमधलं रोप कोणतं होतं म्हणता? तायचुंगच. टुंग्रो हमखास लावून बघायचा असेल तर तेच घेत. १९६७ मध्ये भारतात टुंग्रो असल्याची पहिली नोंद झाली, आणि १९६९ मध्ये पूर्व उत्तर प्रदेश नि बिहारात त्याची मोठी साथ आली. तिथे आणखी एक पंचाईत होती. तीनच वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, पंतनगरच्या नेने यांनी तराईतल्या भाताचा 'खैरा' रोग जस्ताच्या कमतरतेने होतो हे दाखवलं होतं. जस्ताची फवारणी केली की धान सावरे. म्हणजे तिथे खरोखरच माती दोषी होती! तेव्हा पिवळं-तांबूस पान दिसलं की जस्त टाका, असं कोणी सांगितलं तर तो मूर्ख नव्हता. धान्याचा प्रत्येक रोग किड्याच्या माथी मारणाऱ्यांनी खैऱ्याची आठवण ठेवावी.

ओळखायची एक साधी युक्ती कटकला शिकलो. टुंग्रोच्या पानात पिष्ट अडकून पडतं, रात्रीतून खाली उतरत नाही. म्हणून भल्या सकाळी, उन्हं यायच्या आत, पान कापायचं नि आयोडीनच्या पाण्यात बुडवायचं. निरोगी पान तसंच राहतं, रोगी पान निळं-काळं पडतं. दुपारी केलं तर सगळीच पानं काळी दिसतील, कारण उन्हात प्रत्येक पान पिष्ट बनवतंच. शेवटी परीक्षा प्रयोगशाळेतच करावी लागते, पण बांधावरच्या माणसाला एवढ्याने निदान कळतं, की युरियाचं पोतं फोडायचं की नाही.

आमच्याकडे हिरव्यापेक्षा तपकिरी तुडतुड्याने घरं बुडवली. तो पाण्याच्या वर, बुंध्याशी बसतो. आमच्या झाडीपट्टीत तो रस पिऊनच धान मारतो, बांधीत गोल गोल जळके पट्टे पडतात, जसे कोणी निखारे ओतले. पण फिलिपिन्सात नि इंडोनेशियात हाच किडा रस पितो नि वर दोन रोगही वाहतो. एकात रोप गवतासारखं झिपरं होतं, दुसऱ्यात पानं फाटकी-वाकडी होतात. १९७३-७४ मध्ये केरळच्या कुट्टनाडात तो उतरला तेव्हा त्याच्या संगतीने तो झिपरा रोगही दिसला.

मोठेबाबांच्या बांधीत निखारे ओतले गेले ते मी नोकरीला लागायच्या आधी. विहिरीवर मोटार बसवून उन्हाळी धान घेणारे ते गावात पहिले. लोक बघायला येत, वैशाखात हिरवंगार! दोन वर्षं घरात पैसा खेळला. तिसऱ्या वर्षी पावसाळी धान पोटरीत असताना पट्टे पडले. तालुक्याच्या एका औषधवाल्याने दर आठवड्याला फवारा मारायला सांगितलं. मोठेबाबांनी मारला. पहिल्या फवाऱ्याला तुडतुडे मेले, दुसऱ्याला कमी मेले, तिसऱ्यानंतर आधीपेक्षा जास्त झाले. औषधाची उधारी फेडायला त्यांनी दिवाळीआधी बैलजोडी विकली. मोठीआई दावणीकडे पाठ करून बसायची ते मला दिसतं.

त्या फवाऱ्यात काय झालं ते पुढे इंडोनेशियाने साऱ्या जगाला दाखवलं. तुडतुड्याची अंडी बुंध्याच्या आत असतात, तिथे औषध पोचत नाही. बाहेर मरतात ते कोळी, मरतात तुडतुड्याची अंडी खाणारे ढेकूण. मग अंड्यातून निघालेल्या पिल्लांना मोकळं रान. १९८६ च्या नोव्हेंबरात तिथल्या अध्यक्षांनी भातावरच्या ५७ औषधांवर एका हुकमाने बंदी घातली आणि शेतकऱ्यांना कोळी मोजायला शिकवायचं ठरवलं. आमच्या मोठेबाबांच्या बांधीवर कोळ्यांची जाळी दवात चमकत, ती त्या वर्षी नव्हती. हे मला बैलजोडी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी उमगलं.

दरम्यान बियाणं शोधणारे थांबले नव्हते. झिपऱ्या रोगाला कोणतं धान दाद देत नाही हे बघायला लॉस बान्योसला सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. लागवडीचं एकही उतरलं नाही. उतरलं ते उत्तर प्रदेशातून आलेलं एक रानभात. आपल्याकडे बोडीच्या काठाला आपसुक उगवतं ते देवधान या गणगोतातलंच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून बायका ते झोडून आणत आणि मूठभर शिजवत. दाणा पिकला की लगेच गळतो म्हणून शेतकरी त्याला एरवी तण समजून उपटतो. त्याचा गुण आणि केरळातल्या पट्टांबीच्या जुन्या वाणांची तुडतुड्याला न जुमानण्याची ताकद, ही कटकच्या एका वाणाच्या मार्फत, पंजाबातल्या गुरदेव खुश यांनी एकत्र बांधली. त्यातून १९७६ मध्ये आय.आर. ३६ निघालं. जगातल्या सर्वांत जास्त रानावर लावलेल्या भातांत ते गेलं.

तरी एक खोड राहिली. यातल्या बऱ्याच वाणांचा विरोध तुडतुड्याला असे, टुंग्रोच्या विषाणूला नव्हे. रस आवडला नाही तर किडा फार बसत नाही, म्हणून रोगही कमी. पण पाच-सात वर्षं मैलोन्‌मैल तेच धान लावलं, की त्याच रसावर जगणारे तुडतुडे निपजतात, आणि त्यांच्याबरोबर रोग परत.

यावर नेटका इलाज दक्षिण सुलावेसीत झाला. इंडोनेशियातलंच हे बेट. सत्तरच्या दशकात तिथे टुंग्रोने हजारो हेक्टर खाल्लं होतं. त्यांनी महिनोन्‌महिने तुडतुडे मोजले, ते कोणत्या महिन्यात कमी असतात ते पाहिलं, आणि ऐंशीच्या दशकात अख्ख्या भागाची रोवणी त्या हिशेबाने एकदम करायला लावली. वाणही आलटून-पालटून. एकदम रोवणी, एकदम कापणी, मधे काही आठवडे सगळीकडे रिकामं. टुंग्रो तुडतुड्याच्या तोंडात चार-पाच दिवसांपलीकडे टिकत नाही ना? मग त्या रिकाम्या काळात त्याने जगायचं कुठे? सुलावेसीत टुंग्रो आटोक्यात आला.

हे वाचलं तेव्हा मला आमचा पाणकर आठवला. मालगुजारी तलावाचं पाणी सोडणारा. चावी त्याच्याकडे. कोणाचीही बांधी असो, पाणी सुटायचं ते गावाने बसून ठरवलेल्या दिवशी, म्हणून पऱ्हे एका आठवड्यात टाकले जात नि रोवणी साधारण संगतीनेच उरके. कोणी तुडतुड्याचा विचार करून ते केलेलं नव्हतं, पाण्यासाठीच केलेलं होतं. पण कापणीनंतर पौषापासून मिरगापर्यंत शिवारात हिरवं धान औषधालाही नसे. आता विहिरी आहेत, बोअर आहेत, कालवा आहे. एकाचं धान लोंबीत, शेजाऱ्याचं पोटरीत, तिसऱ्याचा पऱ्हा अजून कोवळा. तुडतुड्याला एका बांधीतून उठून दुसऱ्या बांधीत बसायला बांधसुद्धा चढावा लागत नाही.

निवृत्त झाल्यावर मी गावात दोनदा बैठक घेतली. उन्हाळी धान सोडा असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही, त्यावर पोरींची लग्नं होतात. म्हटलं, निदान पऱ्हे टाकायची तारीख तरी एक ठेवा, नि उन्हाळी कापल्यावर खुंट नांगरून टाका, फुटवा राहू देऊ नका. मोठेबाबांचा नातू उठून म्हणाला, "काका, पटते. पन मोटारीला वीज रात्री भेटते, ट्रॅक्टर एकच, रोवनीच्या बाया बालाघाटहून येतात. तारीख कोनाची धरायची?" त्यावर कोणी काही बोललं नाही. मग तिघा-चौघांनी आपसात ठरवलं, तलावाखालच्या बांध्यांपुरती तरी एक तारीख धरायची.

गेल्या वर्षी तलावाखालची रोवणी अकरा दिवसांत उरकली. वरच्या बोअरवाल्या बांध्यांची भादव्यापर्यंत चालूच होती.